सातबारा फोनवर आला. फेरफार नंबर कोण विचारणार?

प्रति,
माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण

विषय : सेवा केंद्राच्या काउंटरवर आणि फोनवर मिळणाऱ्या कायद्याच्या सल्ल्याबाबत

महोदय, महोदया,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी 26 वर्षं वकिली करतो आहे. दिवाणी, महसुली, थोडं फौजदारी, कधीमधी ग्राहक आयोग. तालुक्याचा वकील म्हणजे गावचा डॉक्टर, दारात येईल तो पेशंट तपासायचा. हे पत्र तक्रारीचं आहे का, तर अर्धं आहे. उरलेलं अर्धं कबुलीचं.

सोयाबीन काढणीच्या धामधुमीत एक कास्तकार माझ्याकडे आला. पन्नाशीचा माणूस. हातात खताच्या दुकानातली पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये चार पानांची रंगीत प्रिंट. “वकीलसाहेब, सगळं लिहूनच आणलं जी. तुमची सही तेवढी पाहिजे.” पोरगा चाकणला कंपनीत आहे, त्याने फोनवरच्या चॅटबॉटला विचारून ते काढलं होतं. मराठी झकास. सातबाऱ्यावर चूक झाली असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा, सोबत अमुक कागद जोडावेत, अर्जाचा नमुना असा. मी चारही पानं वाचली. कलम बरोबर, अधिकारी बरोबर, नमुनाही बरा. लेखनप्रमाद दुरुस्त करायला 155 हेच कलम आहे. हातचे सातबारे संगणकावर चढवताना ज्या ढीगभर चुका झाल्या, त्याही याच कलमाखाली दुरुस्त होत आल्या.

असाच एक अर्ज त्याने जूनमध्ये गावच्या सेवा केंद्रातून टाकलाही होता. उत्तर आलं नाही, म्हणून आता वकिलाच्या सहीचा दुसरा टाकायचा होता.

मी विचारलं, “फेरफार नंबर काय?”

“कायचा?”

“बापाच्या मागं नाव लागलं, त्याचा.”

“ते नाई पाह्यलं. पीक कर्जासाठी बँकेत गेलो तवा सातबारा काढला. त्यात माह्यं नावच नाई, भावाचंच हाय. चूकच झाली ना जी ते.”

फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद, काढून पाहिला. चूक नव्हती. बापाचं मृत्युपत्र आहे असं सांगून भावाने एकट्याच्या नावाची नोंद घातली होती. नोटीस बजावल्याचं कागदोपत्री दाखवलं होतं, हरकतीचे 15 दिवस कोणी काही न बोलता गेले, आणि मे महिन्यात मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली. हा सासरवाडीच्या गावी राहतो, त्याच्या कानावर यातलं काहीच नाही. “मृत्युपत्र?” तो म्हणाला, “बापाले तं सही बी येत नव्हती.” आणि बराच वेळ त्या प्रिंटकडे पाहत बसला.

मंजूर झालेली नोंद म्हणजे लेखनप्रमाद नव्हे. तिच्यावर कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावं लागतं आणि कलम 250 प्रमाणे त्याला मुदत 60 दिवसांची. जूनमध्ये तो सेवा केंद्रात गेला तेव्हा त्यातले निदान तीस दिवस शिल्लक होते. कलम 155 च्या अर्जाची पावती जपून ठेवण्यात ते संपले.

चॅटबॉट खोटं बोलला नाही. त्याला विचारलं, सातबाऱ्यातली चूक कशी दुरुस्त करायची, आणि त्याने ते नीट सांगितलं. सेवा केंद्रातल्या पोरालाही तेच विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. आजाराचं नाव पेशंटनेच ठरवून आणलं होतं, दुकानदाराने त्या नावाची गोळी दिली. “चूक” हा शब्द बापड्याने आपल्या समजुतीने वापरला आणि त्या एका शब्दावर चार महिने गेले.

आमच्या धंद्यात सल्ला म्हणजे बहुतेक वेळा उत्तर नसतंच. पक्षकार जे विचारतो ते बाजूला ठेवून त्याला काय विचारायला हवं होतं ते शोधणं, हे काम असतं. ते करताना कागद हातात लागतो, तारखा लागतात, आणि माणूस कुठे अडखळतो ते दिसावं लागतं.

त्या सेवा केंद्रातल्या पोराला मी दोष देत नाही. चोविशीतला, बी.कॉम. झालेला, गावातला हुशार मुलगा. अर्जामागे काही रुपये सुटतात. दिवसभर त्याच्यापुढे उत्पन्नाचे दाखले, शेतकरी ओळख क्रमांक, ई-पीक पाहणी, लाडक्या बहिणींचे फॉर्म. त्यात मध्येच कोणी विचारतो, “भाऊ, सोडचिठ्ठीले किती टाइम लागते?” आणि हा सांगून टाकतो. कारण “मला माहीत नाही” म्हणणारा माणूस गावात मूर्ख ठरतो. तो परवा मलाच म्हणाला, “सर, लोकं मले वकील समजतात, मी काय करू?”

पूर्वी या जागेवर अर्जनवीस असायचा. तहसीलीच्या आवारात लिंबाखाली, लाकडी पेटी, शाईची दौत, नंतर टाइपरायटर. वऱ्हाडात हा शब्द अजून जुन्या लोकांच्या तोंडी आहे. सल्ला तोही द्यायचा, आणि पुष्कळदा चुकीचाही. पण त्याच्याकडे परवाना असायचा, अर्जाखाली त्याचं नाव असायचं. काम बिघडलं की दुसऱ्या दिवशी त्याच लिंबाखाली जाऊन त्याला चार शब्द सुनावता यायचे. आता ऑनलाइन अर्जाखाली नाव फक्त अर्जदाराचं. सांगणारा कोण होता, याची कुठे नोंद नाही.

कायदा म्हणतो, सल्ला द्यायचा तो वकिलानेच. 1961 च्या अधिवक्ता अधिनियमात ते आहे. वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे, कोर्टाबाहेरचा सल्लाही त्यातच येतो, हे परदेशी वकिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. हे वाचून कोणाला वाटेल, वकील आपल्या कुंपणाला काटे लावायला निघाला आहे. तसं वाटणं रास्त आहे, कारण आम्ही आजवर तेच केलं. म्हणून आता कबुलीकडे येतो.

आमची निम्मी मिळकत सल्ल्याची नव्हतीच. ती कागद अडवून धरण्याची होती. पेशी कधीची, हे सांगण्याचे पैसे. नक्कल काढून देण्याचे पैसे. केस कुठवर आली विचारायला माणूस चाळीस किलोमीटरवरून एसटीने यायचा, दिवसाची मजुरी बुडवायचा, आणि आमचा मुंशी वही पाहून सांगायचा, “पुढच्या महिन्यात ये.” आज त्याच्या फोनमध्ये ई-कोर्ट्सचं अ‍ॅप आहे. केसचा 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तारीख, मागच्या तारखेला काय झालं, कोर्टाने काय हुकूम केला, सगळं दिसतं. एका म्हाताऱ्या पक्षकाराने मला भर बार रूममध्ये विचारलं, “साहेब, मागल्या पेशीले तुम्ही हजर नव्हते म्हणते हे.” खरंच नव्हतो. दुसऱ्या कोर्टात होतो. पण त्या दिवसापासून मी तारखा चुकवत नाही. ई-कोर्ट्स प्रकल्प 2007 पासून चालू आहे, तिसऱ्या टप्प्याला 2023 मध्ये 7,210 कोटी मंजूर झाले. त्या पैशातून आणखी काय होईल ते होवो, वकिलाला हजर ठेवण्याचं काम त्या अ‍ॅपने केलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मराठीतही मिळतात. भाषांतर कुठे कुठे लाकडासारखं आहे, पण मिळतात. ग्राहक आयोगाची तक्रार घरून भरता येते. गेल्या वर्षी एका मुलीने बियाणं न उगवल्याची तक्रार फोनवरच्या मदतीने स्वतः लिहून आणली होती. शेतकरीही ग्राहक आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा निकाल तिने त्यात घातला होता आणि तो खरा होता. मी खात्री केली. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, हेही तिला ठाऊक होतं. मी फक्त विचारलं, “थैली आहे का?” थैली होती, पण टॅग फाडून चुलीत गेला होता. लॉट नंबर बिलावर सापडला म्हणून निभावलं. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीचा पंचनामा केला का, तर तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. आणि वावरात दुबार पेरणी झाल्यावर कशाचा पंचनामा करणार? आता खरीप लागायच्या आधीच मी भेटेल त्याला सांगतो: थैली, टॅग, बिल आणि मूठभर बियाणं आढ्याला बांधून ठेवा, पऱ्हाटी उगवली की मग खुशाल फेका.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही लिहायला लाज वाटते.

पांदण रस्त्याचं एक प्रकरण होतं. धुऱ्यावरून जायचा जुना रस्ता शेजाऱ्याने तारेचं कुंपण घालून अडवला. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा, सगळं माझ्या रोजच्या पाठांतरातलं. लेखी युक्तिवाद तयार करायचा होता आणि घरात लग्न होतं. मी चॅटबॉटला मुद्दे दिले. त्याने दहा मिनिटांत सहा पानं दिली आणि नागपूर खंडपीठाचे दोन निकालही दिले. पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेद क्रमांक. एक निकाल तर इतका चपखल की वाटलं, इतक्या वर्षांत हा माझ्या नजरेतून सुटला कसा! रात्री साडेदहाला सहज त्यातला तो परिच्छेद पूर्ण वाचावा म्हणून उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधायला बसलो. नाही. वर्ष बदलून पाहिलं, नाव उलटसुलट करून पाहिलं. दुसरा निकालही नाही. असे निकाल कधी झालेच नव्हते.

न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांना अशाच बनावट निकालांपायी पाच हजार डॉलरचा दंड झाला, ते मी बातमीत वाचून हसलो होतो. आपल्याकडे ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला, त्यातही अस्तित्वात नसलेल्या निकालांचा आधार घेतला होता. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै 2025 मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी या साधनांच्या वापराचं धोरणच काढलं. मला त्या रात्री कोणी पकडलं नाही. पण तो परिच्छेद वाचावासा वाटला नसता तर दुसऱ्या दिवशी तहसीलदारांपुढे मी तो ठणकावून सांगितला असता, त्यांनी लिहून घेतला असता आणि कदाचित निकालही माझ्या बाजूने दिला असता. हा शेवटचा विचार मला जास्त छळतो. तालुक्याला तपासून पाहणारं कोण आहे? उच्च न्यायालयात समोर मोठे वकील असतात, न्यायमूर्तींचे सहायक असतात. इथे समोरचा वकीलही रात्री त्याच चॅटबॉटशी बोलत असतो.

मुद्दा विदर्भाचा असेल तर आणखी एक अडचण. आमच्या जमिनीचा इतिहास त्या यंत्राला ठाऊक नाही, आणि तो ठाऊक नसल्याचं तो सांगतही नाही. हा मुलूख 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. जुन्या कागदात “भूमिस्वामी” आणि “भूमिधारी” असे दोन हक्क येतात, ते 1954 च्या मध्य प्रदेशच्या संहितेतले. विदर्भातला भूमिधारी 1966 च्या अधिनियमाने भोगवटादार वर्ग 2 मध्ये गेला, म्हणजे विकायला बंधनं आली. भूमिस्वामी बहुतेक वर्ग 1 मध्ये, पण ज्यांच्या विक्रीवर बंधन होतं ते वर्ग 2 मध्ये. सातबाऱ्यावर आता नुसता “वर्ग 2” दिसतो. तो कशामुळे, इनामामुळे, वाटपामुळे की जुन्या भूमिधारी हक्कामुळे, हे अधिकार अभिलेखाची जीर्ण पानं उलटल्याशिवाय कळत नाही. चॅटबॉटला विचारा, तो पश्चिम महाराष्ट्राच्या वतनी जमिनीचं उत्तर छातीठोकपणे देतो. पूर्वेकडे मालगुजारी गावांत जा, निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीवरच्या हक्कांचा कागद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) निघतात. ते वाचणारे पटवारी रिटायर झाले. (पटवारी म्हणजे तलाठी, त्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण आमच्याकडे त्यांना पटवारीच म्हणतात.)

फोनवर आलेल्या नोटिशीचं तर विचारूच नका. आठवड्यातून एखादा तरी येतो, “साहेब, व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली, खरी का खोटी?” याला एका ओळीत उत्तर नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये एका वसुलीच्या प्रकरणात निळ्या खुणा पाहून नोटीस बजावली गेल्याचं मानलं होतं. नव्या फौजदारी संहितेत इलेक्ट्रॉनिक समन्सची सोय आहे. पण पोलिसांनी चौकशीला बोलावण्याची, कलम 35 ची, नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. आणि ठग पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर करतात ती “डिजिटल अरेस्ट” नावाची गोष्ट तर कायद्यात कुठेच नाही. आमच्या तालुक्यातले एक निवृत्त मास्तर खोलीचं दार लावून दोन दिवस व्हिडिओ कॉलवर बसले होते. बायकोने चहा दिला तरी घेईनात, कारण “साहेब बघून राहिले.” दोन दिवसांत एकाही ओळखीच्या वकिलाला फोन करावा असं त्यांना वाटलं नाही. का? मी नंतर विचारलं. म्हणाले, “वकिलाले सांगतलं तं अजून कलम लागंल, असं तो म्हणे.” सायबर फसवणूक झाली की 1930 वर फोन करायचा असतो, हे त्यांच्या नातवाला माहीत होतं. तो पुण्याला होता.

पुराव्याचंही तसंच. व्यापाऱ्याने कापूस नेला, पैसे राहिले, कबुली सगळी व्हॉट्सअ‍ॅपवर. पक्षकार स्क्रीनशॉटचं बंडल घेऊन येतो. मूळ फोन? दिवाळीला एक्सचेंजमध्ये दिला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, हे जालन्याच्या निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये पक्कं केलं. नव्या साक्ष अधिनियमात, 1 जुलै 2024 पासून, ते कलम 63 खाली दोन भागांत द्यावं लागतं, एक फोनवाल्याने आणि एक तज्ज्ञाने, हॅश व्हॅल्यूसह, म्हणजे फाईलच्या डिजिटल ठशासह. आमच्या तालुक्यात हॅश व्हॅल्यू काढून सही करणारा तज्ज्ञ कुठून आणायचा, हा एक स्वतंत्र विनोद आहे. पण निदान “फोन विकू नका” हे वेळेवर सांगणारं कोणीतरी पाहिजे. पूर्वी आम्ही म्हणायचो, कागद जपा. आता फोन जपा म्हणतो आणि लोक हसतात.

आता तुमच्याकडे येतो.

तुमच्याकडे कायदा आहे, 1987 चा. कलम 12 प्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना, कोठडीतल्या माणसाला मिळतो. 15100 हा फोन आहे. 2017 पासून टेली-लॉ आहे, त्याच सेवा केंद्रातून वकिलाशी फोनवर, व्हिडिओवर बोलता येतं, तेही विनामूल्य. हे सगळं चांगलं आहे आणि मी त्याची चेष्टा करणार नाही. पण टेली-लॉचा वकील पलीकडे कुठेतरी बसतो. तोही जे विचारलं त्याचं उत्तर देतो. पिशवीतली फाईल त्याला दिसत नाही. माझ्या कास्तकाराने त्याला “सातबाऱ्यात चूक” म्हटलं असतं, तर त्याने काय सांगितलं असतं? कदाचित 155 च. त्याच्या जागी घाईत असतो, तर मीही तेच सांगितलं असतं.

गावात बसायचं असेल तर त्याची तरतूदही तुमच्याकडेच आहे. विधी सहाय्य चिकित्सालयांचे विनियम 2011 पासून आहेत, विधी स्वयंसेवकांची योजना 2009 पासून. माझ्या पाहण्यात त्यांचा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असतो. फलकाखाली कोणी बसलेलं मात्र मी क्वचित पाहिलं. माझी विनंती एवढीच, की तो माणूस फलकाखालून उचलून सेवा केंद्राच्या काउंटरशेजारी बसवा. आठवडी बाजाराच्या दिवशी, सकाळी दहा ते चार. पॅनेलवरचा वकील महिन्यातून दोनदा, एरवी स्वयंसेवक. लोक जिथे अर्ज टाकायला येतातच, तिथे. काउंटरवरच्या पोराला एकच शिकवा: कोणी दाखला मागितला तर दे, कोणी “काय करू” म्हटलं तर त्या खुर्चीकडे पाठव. यात त्याचीही सुटका आहे.

आणि सांगाल ते लिहून द्या. अर्ध्या पानाची चिठ्ठी: काय विचारलं, कोणता कागद पाहिला, काय सांगितलं, कोणत्या तारखेच्या आत काय करायचं, आणि खाली नाव-सही. वकील सही करायला कचरतील, मला माहीत आहे. कचरले म्हणजे आधी कागद पाहतील. मानधन वेळेवर द्या, नाहीतर पॅनेलवर फक्त नवशिके उरतात. त्यांचा दोष नाही, त्यांनाही घरभाडं असतं.

तिसरी गोष्ट बिनपैशाची आहे. महसूल खात्याचं “आपली चावडी” नावाचं पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावात सध्या चालू असलेले फेरफार दिसतात. मुदत संपायच्या आत ते दिसतात, ही त्यातली मोलाची गोष्ट. ते कोण पाहतं? ज्याने फेरफार घातला तो, आणि आम्ही वकील. पूर्वी कोतवाल डफडं घेऊन दवंडी द्यायचा, झोपलेला माणूसही उठून बसायचा. तुमच्या स्वयंसेवकाने दर बाजाराला दहा-बारा गावांची ती यादी मोठ्याने वाचावी आणि ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावी. अमुक गट नंबर, अमुक प्रकारचा फेरफार, हरकत अमुक तारखेपर्यंत. भामरागडला पर्लकोटेचा पूर पुलावरून गेला की नेटही जातं, तिथे फळ्यावर लिहा.

एक बाजूची गोष्ट, ती तुमच्या अखत्यारीतली नाही, वकील परिषदेची आहे. वकिलाने जाहिरात करायची नाही, नियम 36. संकेतस्थळावर नाव-पत्ता आणि थोडी माहिती देता येते, 2008 पासून. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये वकील “पुरवणाऱ्या” संकेतस्थळांवर कारवाई करायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण ज्याच्या नावापुढे कसली पदवी नाही तो व्हिडिओत “पाच मिनिटांत जमीन परत मिळवा” म्हणतो आणि दोन लाख लोक पाहतात. मी बाजारात उभं राहून फेरफाराला हरकत घ्यायची मुदत 15 दिवसांची असते असं सांगितलं, तर ती जाहिरात ठरेल का, हे मला खरंच कळत नाही. तुमच्या खुर्चीवर बसून सांगितलं तर ठरणार नाही. माझा त्यातला स्वार्थ एवढाच.

त्या कास्तकाराचं अपील मी दाखल केलं आहे, विलंब माफीच्या अर्जासह. जूनच्या 155 च्या अर्जाची पावती सोबत जोडली आहे, म्हणजे माणूस झोपला नव्हता, चुकीच्या दारात उभा होता, हे दाखवायला. भावाच्या वकिलाचं उत्तर मागच्या पेशीला आलं. त्यात एक परिच्छेद आहे. सदर नोंद शासनाच्या संकेतस्थळावर चोवीस तास सर्वांना पाहण्यासाठी खुली होती, सबब अपीलकर्त्यास त्याची माहिती नव्हती हे म्हणणं खोटं आहे.

पुढची पेशी मंगळवारी आहे. या परिच्छेदाला काय उत्तर द्यायचं, ते मी हे पत्र बाजूला ठेवून आता लिहायला घेतो आहे.

आपला,
एक तालुका वकील
यवतमाळ जिल्हा